पीतज्वर, हाउलर माकडे आणि लसीकरणाचा नकाशा : ब्राझील, २०१६ ते २०१८

डिसेंबर २०१६ मध्ये ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्याच्या पूर्व भागातील ग्रामीण दवाखान्यांत अचानक तीव्र ताप, अंगदुखी, त्यामागोमाग कावीळ आणि रक्तस्राव अशा लक्षणांचे रुग्ण येऊ लागले. बहुतेक रुग्ण मध्यमवयीन पुरुष होते आणि त्यांचा वावर शेतात, जंगलाच्या कडेला किंवा थेट जंगलात होता. निदान पीतज्वराचे, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या ‘यलो फीव्हर’चे, झाले. पाहता पाहता ही साथ शेजारच्या एस्पिरितू सांतू, रिओ दि जानेरो आणि साओ पावलो या राज्यांत पसरली. पहिल्या मोसमात सुमारे ७८० रुग्णांची निश्चिती झाली आणि त्यांपैकी २६२ दगावले. २०१७-१८ च्या दुसऱ्या मोसमात १,३७६ रुग्ण आणि ४८३ मृत्यू नोंदले गेले. ब्राझीलमध्ये शहरी पीतज्वराचा शेवटचा उद्रेक १९४२ मध्ये झाला होता आणि त्यानंतरच्या काळात या आजाराने देशात एवढे बळी कधीच घेतले नव्हते. विशेष म्हणजे या वेळीही शहरातल्या एडिस इजिप्ती डासाने रोग पसरवल्याचा पुरावा मिळाला नाही. सगळा संसर्ग जंगलातून आला आणि जंगलात तो आधी माकडांमध्ये होता.

या प्रकरणात एक प्रश्न मध्यवर्ती आहे. माकडे माणसांच्या आधी मरत होती, ती मेलेली लोकांना दिसत होती, आणि अशा मृत्यूंची नोंद करण्याची सरकारी यंत्रणा १९९९ पासून अस्तित्वात होती. तरीही इशाऱ्याचा उपयोग इतका तोकडा का झाला? ‘यंत्रणा झोपली होती’ हे सोपे उत्तर अर्धवट आहे. इशारा नेमका कोणासाठी असतो, याचा हिशेब चुकला होता.

विषाणू आणि त्याचे यजमान

पीतज्वराचा विषाणू मूळचा आफ्रिकेतला. गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांतून तो अमेरिका खंडात पोहोचला आणि त्याला वस्त्यांमधून फिरवणारा एडिस इजिप्ती डासही त्याच मार्गाने आला. आफ्रिकेतील माकडांचा आणि या विषाणूचा सहवास फार जुना असल्यामुळे तेथील बहुतेक माकडे बाधित होऊनही आजारी पडत नाहीत. अमेरिकेतील माकडांना तशी जुळवून घेण्याची संधी मिळालेली नाही. त्यातही हाउलर माकडे सर्वांत दुबळी ठरतात. हाउलरला संसर्ग झाला की काही दिवसांतच यकृताचा मोठा भाग निकामी होतो आणि ते झाडावरून खाली कोसळते. जंगली हाउलरांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे क्वचितच सापडतात, कारण ज्यांना संसर्ग झाला ती बहुधा नमुना देण्यासाठी जिवंत उरतच नाहीत. कॅप्युचिन माकडे मात्र बरीच चिवट आहेत. ती बाधित होतात, सावरतात आणि पुढे त्यांना प्रतिकारशक्ती राहते.

माकड ‘विषाणूचा साठा’ आहे, असे वर्तमानपत्रे सर्रास लिहितात. ब्राझीलच्या बाबतीत ते बरोबर नाही. माकडाच्या रक्तात विषाणू जेमतेम तीन ते पाच दिवस राहतो, त्यानंतर माकड मरते किंवा कायमचे सुरक्षित होते. याउलट डासाच्या मादीत एकदा विषाणू शिरला की तो ती मरेपर्यंत राहतो आणि काही वेळा तिच्या अंड्यांतही उतरू शकतो. म्हणजे साठा असलाच तर तो डासात आहे. माकड त्याला काही दिवसांपुरते वाढायला जागा देते आणि त्याची किंमत स्वतः मोजते.

हे डास हेमागोगस आणि सॅबेथिस या प्रजातिसमूहांतले आहेत. हेमागोगसच्या अंगावर निळसर-हिरवी धातूसारखी झळाळी असते. तो दिवसा चावतो आणि त्याचा वावर मुख्यतः झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर असतो. मादी झाडाच्या ढोलीत साचलेल्या पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी घालते. ढोली सुकली तरी अंडी महिनोन्‌महिने तग धरतात आणि पावसाने पाणी चढले की उबतात. साथीचा मोसम डिसेंबर ते मे असा पावसाला बांधलेला का असतो, हे यातून कळते. कोलंबियाचे डॉक्टर होर्हे बोशेल-मानरिके यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पाहिले की, लाकूडतोड्यांनी झाड पाडले की शेंड्यावरचे हे निळे डास झाडाबरोबर खाली येतात आणि जमिनीवरच्या माणसांना चावू लागतात. जंगलातला पीतज्वर प्रामुख्याने लाकूडतोडे, शेतमजूर आणि शिकारी यांना का गाठतो, याचे उत्तर त्यांना तिथे मिळाले. ब्राझीलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्याला झालेल्या प्रयोगांत खुणा करून सोडलेले हेमागोगस दहा किलोमीटरहूनही दूर सापडले होते. जंगलाच्या दोन तुकड्यांमध्ये कुरणे किंवा कॉफीचे मळे असले, तरी विषाणूला ती अडवण म्हणून पुरत नाही.

कारातिंगाचे अभयारण्य

मिनास जेराइसमधील कारातिंगाजवळ फेलिसियानो मिगेल अब्दाला हे खासगी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ अवघे ९५७ हेक्टर. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ कॅरेन स्ट्रायर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून तेथे उत्तरी मुरिकी माकडांचा अभ्यास करत आहेत. या लहानशा जंगलात मुरिकी, तपकिरी हाउलर, कॅप्युचिन आणि मार्मोसेट अशा चार प्रकारची माकडे एकत्र राहतात. त्यांच्या नोंदी कित्येक वर्षे सलग ठेवलेल्या असल्यामुळे साथीत कोणाचे काय झाले, हे इथे जितके स्पष्ट दिसले तितके इतरत्र क्वचितच दिसले असेल.

हाउलरांचा घोगरा, घुमणारा आवाज जंगलात किलोमीटरभर दूरवर ऐकू जातो. २०१७ च्या सुरुवातीस तो ऐकू येईनासा झाला. हाउलरांचे बहुतेक कळप नाहीसे झाले होते. त्याच झाडांवर राहणाऱ्या आणि त्याच डासांच्या चाव्यांना तोंड देणाऱ्या मुरिकींची हानी त्या मानाने खूपच कमी झाली. मुरिकी ही अत्यंत धोक्यात आलेली जात आहे. तिच्यावर हाउलरांसारखी वेळ आली असती तर जगातल्या तिच्या एका महत्त्वाच्या गटावर पाणी सोडावे लागले असते. साथीने ‘माकडे मारली’ हे विधान म्हणूनच फार ढोबळ आहे. तिने हाउलर मारले, टॅमरिन या चिमुकल्या माकडांना जबर फटका दिला आणि काही जातींना जवळपास सोडून दिले. जंगलाचा जो तुकडा हाउलरांनी भरलेला होता तिथे विषाणू झपाट्याने वाढला, झपाट्याने दिसला आणि झपाट्याने संपला. हाउलर नसलेल्या तुकड्यांत तो तितकाच असू शकतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

मृतदेहातून मिळणारी माहिती आणि तिचा वेळ

मेलेल्या माकडापासून माणसाला पीतज्वर होत नाही. मध्ये डास लागतो. तरी मृतदेहाला हात लावताना हातमोजे आणि मुखपट्टी सक्तीची असते, कारण ते कशाने मेले हे आधी माहीत नसते. पथक जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवते, शव किती कुजले आहे ते पाहते आणि यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, हृदय, फुप्फुस व मेंदू यांचे तुकडे घेते. प्रत्येक अवयवाचा एक तुकडा ऊतींच्या तपासणीसाठी फॉर्मालिनमध्ये जातो आणि दुसरा विषाणूच्या शोधासाठी अतिथंड ठेवला जातो. दोघांची अदलाबदल झाली की नमुना वाया जातो, कारण फॉर्मालिनमधून विषाणू जिवंत वेगळा करता येत नाही आणि गोठवलेल्या ऊतीची रचना सूक्ष्मदर्शकाखाली विस्कटलेली दिसते. उष्ण, दमट जंगलात एका दिवसात शव एवढे सडते की यकृताचा लगदा होतो. म्हणून शेतकऱ्याने पाहिल्यापासून आरोग्य कर्मचारी पोहोचेपर्यंतचे तासच बऱ्याचदा निकाल ठरवतात. फिओक्रूझ या सरकारी संशोधन संस्थेने ‘सिस-जिओ’ हे मोबाइल अ‍ॅप याच तासांत कपात करण्यासाठी लोकांच्या हाती दिले; मेलेले किंवा आजारी माकड दिसले की छायाचित्र काढायचे आणि ठिकाणासह पाठवायचे.

आता वेळेचा हिशेब. मिनास जेराइसच्या साथीवरचा जनुकक्रमाचा मोठा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार माणसांमधील रुग्णांचा आलेख माकडांच्या मृत्यूंच्या आलेखामागे सरासरी केवळ चार दिवसांनी चालत होता. पीतज्वराची लस टोचल्यावर पुरेसे संरक्षण मिळायला साधारण दहा दिवस लागतात. नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला लागणारे दिवस यात धरलेलेच नाहीत. म्हणजे ज्या गावात माकड मेलेले सापडले, त्या गावासाठी हा इशारा जवळजवळ निरुपयोगी आहे. तिथली लस तोपर्यंत दंडात असायला हवी होती. इशारा उपयोगी आहे तो पुढच्या गावाला, विषाणू अजून पोहोचायचा आहे त्या खोऱ्याला.

निगराणीची चर्चा करणारे बहुतेक लेख या साध्या वजाबाकीकडे दुर्लक्ष करतात असे मला वाटते. माकडाचे शव सापडले, त्या नगरपालिकेत लसीकरण सुरू झाले आणि प्रशासनाने तत्परता दाखवली, असे अहवालात लिहिता येते. परंतु चार दिवस आणि दहा दिवस यांतले अंतर तत्परतेने भरून निघत नाही.

नकाशा

२०१६ पूर्वी ब्राझीलमध्ये पीतज्वराची लस सर्वांना देण्याचे धोरण नव्हते. ज्या भागांत पूर्वी माणसांना किंवा माकडांना संसर्ग झाला होता ते भाग ‘शिफारस क्षेत्र’ म्हणून नकाशावर रंगवलेले होते. मिनास जेराइस त्यात होते, पण तेथील अनेक ग्रामीण भागांत लसीकरण ९५ टक्क्यांच्या उद्दिष्टापासून बरेच दूर राहिले होते. एस्पिरितू सांतूचा आणि रिओ दि जानेरोचा बहुतांश भाग, तसेच साओ पावलोची किनारपट्टी या क्षेत्राबाहेर होती. शहरी पीतज्वर संपला आहे आणि जंगली पीतज्वर अ‍ॅमेझॉनकडे आहे, ही त्यामागची समजूत.

यातला एस्पिरितू सांतूचा भाग तर चक्रावून टाकणारा आहे. १९३२ मध्ये याच राज्यातील कनान खोऱ्यात अमेरिकन साथरोगतज्ज्ञ फ्रेड सोपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एडिस इजिप्ती डास अजिबात नसलेल्या ग्रामीण भागात पीतज्वराची साथ आढळली होती. पीतज्वराचे जंगलातले स्वतंत्र चक्र असते, ही कल्पना वैद्यकशास्त्रात या शोधामुळे रुजली. १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी १७डी ही लस तयार केली आणि त्यासाठी त्यांना १९५१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आजार कुठून येतो ते ज्या राज्यात उमगले, त्याच राज्यातल्या बहुसंख्य लोकांना पंच्याऐंशी वर्षांनंतर, लस देशातच बनत असताना, ती मिळालेली नव्हती.

विषाणू कुठून आला, यावर त्या काळी बरेच तर्क झाले. नोव्हेंबर २०१५ मध्ये मारियानाजवळ खाणीच्या गाळाचे फुंदाओ धरण फुटून दोसी नदीचे खोरे गाळाने भरले होते. त्या उत्पाताने माकडे दुबळी झाली आणि साथ भडकली, असे काहींनी सुचवले. साथीचा आणि गाळाचा भूगोल काही अंशी जुळतो, एवढाच त्याला आधार आहे. जनुकक्रमांतून उलगडलेली हकीकत वेगळी आहे : मिनासमधील विषाणूचा समाईक पूर्वज २०१६ च्या मध्याच्या आसपासचा निघाला. माणसांमधले रुग्ण डिसेंबरमध्ये दिसले, म्हणजे त्याआधी काही महिने विषाणू जंगलात कोणाच्या नजरेस न पडता फिरत होता. त्या महिन्यांतली किती माकडे नोंदीशिवाय कुजून गेली असतील, हा धरणापेक्षा अधिक कामाचा प्रश्न आहे.

माकडांवरचा राग

साथीची बातमी पसरली तशी लोकांनी माकडे मारायला सुरुवात केली. काठ्या, दगड, विष, बंदूक, जे हाती लागेल ते. रिओ दि जानेरो राज्यात २०१८ च्या सुरुवातीला तपासणीसाठी आलेल्या मृत माकडांपैकी निम्म्याहून अधिक माकडे माणसांनी मारलेली असल्याचे आढळले. वन्यप्राण्याला मारणे ब्राझीलमध्ये १९९८ च्या पर्यावरण गुन्हे कायद्यानुसार शिक्षापात्र आहे, पण भीतीपोटी उचललेला दगड कायदा वाचून खाली ठेवला जात नाही.

या क्रौर्याचा आणखी एक तोटा होता, ज्याची चर्चा कमी झाली. मार लागून मेलेले मार्मोसेटही संशयित शव म्हणूनच प्रयोगशाळेत येते. त्याची कवटी फुटलेली असली तरी विषाणूची चाचणी करावीच लागते. त्यामुळे तपासण्यांची रांग लांबते आणि खऱ्या रोगाने मेलेल्या हाउलरचा निकाल मागे पडतो. शिवाय ज्या कळपाला विषाणू अजून लागलेला नाही तो मारून टाकला, की त्या भागात विषाणू पोहोचल्याचे सांगणारे कोणीच उरत नाही. डास मात्र तिथेच असतात. रिओ ग्रांदी दो सुल राज्यात २००८-०९ च्या साथीत दोन हजारांहून अधिक हाउलर मेल्याची नोंद आहे आणि त्या वेळीही लोकांनी माकडांवर हात टाकला होता. तेव्हा प्रायमेटतज्ज्ञ झुलिओ सेझार बिका-मार्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडे ही माणसाचे रक्षणकर्ते आहेत, हे समजावणारी मोहीम चालवली होती. आठ वर्षांनी तेच सगळे नव्याने सांगावे लागले.

साओ पावलोने केलेला बदल

ऑक्टोबर २०१७ मध्ये साओ पावलो शहराच्या उत्तर भागातील ओर्तो फ्लोरेस्ताल उद्यानात मेलेला हाउलर पीतज्वरबाधित निघाला. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहराच्या कडेवर विषाणू आला होता. उद्यान बंद झाले, शेजारचे कांतारेरा जंगलही बंद झाले आणि लसीकरण केंद्रांसमोर रांगा लागल्या. पुढे जानेवारी २०१८ मध्ये साओ पावलो, रिओ दि जानेरो आणि बाहिया या राज्यांतील सुमारे दोन कोटी लोकांसाठी मोहीम आखली गेली. साठा पुरावा म्हणून बहुतेकांना नेहमीच्या ०.५ मिलीलिटरऐवजी ०.१ मिलीलिटर, म्हणजे पाचवा हिस्सा मात्रा देण्यात आली. आणीबाणीत अशी अंशमात्रा चालते, हे २०१६ मध्ये आफ्रिकेतील काँगोची राजधानी किन्शासा येथील मोहिमेने दाखवले होते.

माझ्या मते या सगळ्यात खरे नावीन्य एका कमी गाजलेल्या कामात होते. राज्याच्या आरोग्य विभागातील तज्ज्ञांनी मेलेल्या माकडांच्या ठिकाणांचा क्रम लावला, जंगलाचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या हिरव्या पट्ट्यांवर तो बसवला आणि विषाणू कोणत्या वाटेने कुठे निघाला आहे याचा अंदाज बांधला. हा वेग दिवसाला साधारण तीन किलोमीटरच्या आसपास निघाला. या वेगाने दहा दिवसांत तीस किलोमीटर होतात. प्रयोगशाळेचे दिवस मिळवले तर लसीकरणाची आघाडी शवाच्या पुढे त्याहून बरीच लांब ठेवावी लागते. त्या अंदाजानुसार रुग्ण नसलेल्या, माकडेही अजून न मेलेल्या भागांत आधी लस पाठवण्यात आली. लस अपुरी असताना रुग्ण नसलेल्या गावाला ती देणे राजकीयदृष्ट्या सोपे नसते. रुग्णांचे गाव ओरडते, पुढचे गाव गप्प असते. तरीही राज्यात सगळीकडे वेळ साधली असे नाही. शहराच्या उत्तरेला लागून असलेल्या मैरिपोरा भागात २०१७ च्या अखेरीस रुग्णांची संख्या झपाट्याने वाढली.

टॅमरिनांना लस

मे २०१८ मध्ये गोल्डन लायन टॅमरिन या जातीच्या जंगली माकडाचा पीतज्वराने झालेला मृत्यू प्रथमच निश्चित झाला. ही सोनेरी आयाळीची चिमुकली माकडे फक्त रिओ दि जानेरो राज्याच्या किनारी जंगलांत, मुख्यतः साओ जोआओ नदीच्या खोऱ्यात आढळतात. १९७० च्या दशकात जंगलात ती दोनशेच्या घरात उरली होती. प्राणिसंग्रहालयांतील पैदास, पुनर्वसन आणि जंगलाचे तुकडे जोडणे या कित्येक दशकांच्या कष्टांनंतर २०१४ मध्ये त्यांची संख्या सुमारे ३,७०० झाली होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ती २,५१६ भरली. एका साथीत जवळपास एक तृतीयांश घट.

जंगली माकडांना माणसाची लस टोचावी का, यावर संवर्धनाच्या क्षेत्रात मतभेद होते आणि ते निराधार नव्हते. ही लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची आहे. पकडण्याच्या ताणाने काही प्राणी दगावू शकतात, आणि निसर्गात असा हस्तक्षेप कुठवर करायचा याला सीमा नाही. लसीतला विषाणू डासांमधून पसरेल ही भीती मात्र फारशी टिकत नाही, कारण १७डी विषाणू डासाच्या शरीरात नीट पसरत नाही हे जुन्या प्रयोगांतून दिसले आहे. आधी बंदिस्त टॅमरिनांवर कमी मात्रांच्या चाचण्या झाल्या. मग २०२१ पासून जंगली कळपांचे लसीकरण सुरू झाले. केळ्याचे आमिष लावलेल्या पिंजऱ्यांत टॅमरिने पकडायची, भूल द्यायची, पोटाच्या पातळ कातडीखाली लस टोचायची, खूण करायची आणि शुद्धीवर आल्यावर त्यांच्याच टापूत परत सोडायची, असा हा क्रम. पहिल्या दोनेक वर्षांत तीनशेहून अधिक टॅमरिनांना लस मिळाली आणि पुन्हा पकडून तपासलेल्यांपैकी बहुतेकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली.

२०२३ मध्ये टॅमरिनांची संख्या सुमारे ४,८०० मोजली गेली. या वाढीचे श्रेय लसीला देण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. एकूण टॅमरिन हजारोंच्या संख्येत आहेत आणि त्यांपैकी लस टोचलेली शेकड्यांतच आहेत. साथ ओसरल्यानंतर रिकाम्या झालेल्या टापूंत उरलेल्या जोड्यांची पिल्ले वाढणे आणि जंगल पुन्हा जोडले जाणे, यांचाही वाटा मोठा आहे. लसीचा खरा कस पुढच्या साथीत लागेल.

हाउलरांच्या वाट्याला एवढे काही आले नाही. ते टॅमरिनांइतके देखणे नाहीत, पकडायला अवघड आहेत, आणि साथीपूर्वी त्यांची गणती ‘फारशी चिंता नाही’ अशा वर्गात होत असे. आता आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तपकिरी हाउलर ‘असुरक्षित’ वर्गात आहे. साथीपूर्वी बहुतेक जंगलांत त्यांची मोजणीच झालेली नव्हती, त्यामुळे एकूण किती गेले याचा आकडा आज कोणी प्रामाणिकपणे मांडू शकत नाही.

विषाणू पुढील काळात दक्षिणेकडे पाराना, सांता कातारिना आणि रिओ ग्रांदी दो सुल या राज्यांत सरकला. साओ पावलो राज्यात २०२४ च्या अखेरीस रिबेराओ प्रेतो येथील विद्यापीठाच्या परिसरात मेलेली माकडे सापडली आणि ती पीतज्वरबाधित असल्याचे निश्चित झाले. त्यानंतरच्या काही महिन्यांत राज्यात माणसांमध्ये डझनावारी रुग्ण निघाले, बहुतेक लस न घेतलेले. नकाशा या वेळी अडसर नव्हता, कारण तोवर सगळा देशच शिफारस क्षेत्र झाला होता. अडसर होता तो साथ ओसरल्यावर लसीकडे पाठ फिरवण्याचा, आणि त्याचा अंदाज मेलेल्या माकडांच्या ठिकाणांवरून बांधता येत नाही.